‘कशावरून?’ : निरीक्षण आणि अनुमान यांतील फरक विद्यार्थ्यांना कसा शिकवावा

विज्ञान शिकवायला सुरुवात केली त्या पहिल्या वर्षी मी निरीक्षण आणि अनुमान यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या. विद्यार्थ्यांनी त्या उतरवून घेतल्या आणि चाचणीत बहुतेकांनी बिनचूक लिहिल्या. पुढच्या आठवड्यात जळत्या मेणबत्तीवर पेला उपडा ठेवण्याचा प्रयोग झाला. प्रयोगवह्या तपासताना ‘निरीक्षण’ या शीर्षकाखाली एकच वाक्य पुन्हा पुन्हा समोर येत होते : ‘पेल्यातील ऑक्सिजन संपला.’ ऑक्सिजनला रंग नाही, वास नाही. तो संपताना कोणीही पाहिला नव्हता. ज्योत लहान होत गेली आणि विझली, एवढेच सर्वांनी पाहिले होते. व्याख्या पाठ असूनही फरक कळलेला नव्हता आणि दोष माझ्या शिकवण्यात होता, हे त्या दिवशी मला स्वच्छ दिसले.

त्यानंतर अनेक वर्षे हा घटक मी निरनिराळ्या पद्धतींनी शिकवून पाहिला. ज्या क्रमाने तो विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडतो असा माझा अनुभव आहे, तो क्रम खाली दिला आहे. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या वर्गांना तो चालतो. मोठ्या वर्गांत फक्त प्रश्न अधिक नेमके विचारावे लागतात.

१. वर्गात जाण्यापूर्वी शब्द स्वतः पारखून घ्या

ज्ञानेंद्रियांनी किंवा उपकरणांच्या साहाय्याने जे थेट टिपले जाते ते निरीक्षण. टिपलेल्या गोष्टींना आधीच्या ज्ञानाची जोड देऊन जे काढले जाते ते अनुमान. आपल्याकडील न्यायदर्शनात प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगळी प्रमाणे, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधने, मानली आहेत आणि तेथील प्रसिद्ध उदाहरण आजही वर्गात उपयोगी पडते : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. धूर दिसला, अग्नी दिसला नाही. धुरापासून अग्नीपर्यंत आपल्याला नेणारा दुवा म्हणजे ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हा आधीचा अनुभव होय. या दुव्याला त्या परंपरेत व्याप्ती म्हणतात. अनुमान दोन ठिकाणी चुकू शकते : धुक्यालाच धूर समजले तर, किंवा तो दुवाच कच्चा असेल तर. हे दोन्ही धोके लक्षात ठेवा, कारण विद्यार्थ्यांच्या चुकाही या दोन जातींच्याच असतात.

आणखी तीन शब्द वेगळे ओळखता आले पाहिजेत. ‘ज्योत सुंदर आहे’ हे मत आहे. ‘आणखी अर्ध्या मिनिटात ज्योत विझेल’ हे भाकीत आहे. कोणत्याही आधाराशिवाय केलेले विधान हा नुसता तर्कट अंदाज आहे. त्याला अनुमान म्हणण्याची सवय लागू देऊ नका. अनुमानाच्या मागे नेहमी निदान एक तरी निरीक्षण उभे असते. म्हणूनच या संपूर्ण घटकात शिक्षकाने सर्वांत जास्त वेळा विचारायचा प्रश्न एकच आहे : ‘कशावरून?’

२. साहित्य आदल्या दिवशी जमवा आणि करून पाहा

पुढील साहित्य पुरेसे आहे :

- सारख्या जाडीच्या, कमी-अधिक उंचीच्या चार-पाच मेणबत्त्या आणि काडेपेटी
- काचेचे सारखे दोन पेले आणि त्यांवर बसतील अशी झाकणे
- पसरट थाळी, पाणी, खाण्याचा रंग किंवा शाई
- बर्फ
- दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा
- सेकंद दाखवणारे घड्याळ, मोजपट्टी, तापमापी
- पुठ्ठ्याची लहान खोकी आणि चिकटपट्टी
- प्रत्येक विद्यार्थ्याकडे दोन रंगांची पेने

मेणबत्तीच्या कृतींच्या वेळी मोकळे केस बांधायला आणि सैल बाह्या दुमडायला सांगा. पाचही ज्ञानेंद्रिये वापरा असे आपण सांगतो, परंतु प्रयोगशाळेत चव घ्यायची नाही आणि वास घ्यायचा तो भांड्यात नाक न घालता, हाताने हवा आपल्याकडे ओढून, हे त्याच वेळी सांगणे आवश्यक आहे. बर्फाचा प्रयोग मात्र आदल्या दिवशी खरोखरच करून पाहा, कारण हवा फार कोरडी असेल तर पेल्याबाहेर थेंब जमतच नाहीत आणि वर्गापुढे उभे राहिल्यावर हे कळून उपयोग नसतो.

३. पहिल्या तासाला व्याख्या सांगू नका, मेणबत्ती पेटवा

टेबलावर न पेटवलेली मेणबत्ती ठेवा आणि प्रत्येकाने तिच्याविषयी दहा वाक्ये लिहायची आहेत असे सांगा. मग ती पेटवा आणि आणखी दहा वाक्ये मागा. सुरुवातीला वर्ग कुरकुरतो, ‘यात दहा काय लिहायचे?’ असे विचारतो. पण पाच-सात मिनिटांनी वाक्ये येऊ लागतात. ज्योतीचा तळ निळसर आहे. वातीच्या भोवती काळपट भाग आहे. ज्योतीचे टोक हलते. वातीखाली मेणाची वाटी तयार झाली आहे. मेणबत्तीच्या बाजूला धरलेल्या हातापेक्षा वर, बऱ्याच उंचीवर धरलेल्या हाताला अधिक ऊब लागते.

ही वाक्ये फळ्यावर जशीच्या तशी लिहा आणि त्यांत ‘मेण जळत आहे’, ‘ज्योतीला हवा लागते’, ‘वात मेण वर ओढते’ अशी वाक्ये आली की तीही काही न बोलता लिहून घ्या. यादी पूर्ण झाल्यावर प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारा : ‘हे तुम्हाला दिसले, ऐकू आले, जाणवले, मोजता आले, की समजले?’ ‘समजले’ हा शब्द येथे मोलाचा आहे. ‘वात मेण वर ओढते’ हे खरे आहे, परंतु ते कोणी पाहिले नाही, ते समजून घेतले आहे. हा फरक विद्यार्थी स्वतः बोलून दाखवतात त्या क्षणी ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ हे शब्द फळ्यावर लिहा. वस्तू आधी आणि नाव नंतर आले की ते नाव टिकते.

तास संपण्यापूर्वी ज्योत फुंकून विझवा आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुरकट रेषेजवळ पेटती काडी न्या. काडी वातीपासून थोडी दूर असतानाच ज्योत त्या रेषेतून खाली उतरते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. खोलीत वारा नसावा आणि काडी तत्परतेने न्यावी. मायकेल फॅरेडे यांनी मेणबत्तीवरील आपल्या व्याख्यानांत हा प्रयोग दाखवला होता. त्या पांढऱ्या रेषेला विद्यार्थी ‘धूर’ म्हणालेले असतात. ती मेणाची वाफ गार होऊन झालेले सूक्ष्म कण आहेत, असे अनुमान आता त्यांना स्वतः काढता येते. साधा ‘धूर’ हा शब्दही अनुमान लपवून ठेवतो, हे यावरून त्यांना पटते.

४. प्रयोगवहीला तिसरा रकाना जोडा

निरीक्षण आणि अनुमान असे दोन रकाने वहीत असतात. त्यांच्या मधोमध ‘कशावरून?’ असा तिसरा रकाना आखायला सांगा. त्यात आधीचे कोणते ज्ञान वापरले ते लिहायचे. उदाहरणार्थ, निरीक्षण : निळा लिटमस कागद लाल झाला. कशावरून : आम्लामध्ये निळा लिटमस लाल होतो, हे आधी शिकलो. अनुमान : द्रावण आम्लधर्मी आहे. त्याचप्रमाणे, चुन्याची निवळी दुधाळ झाली हे निरीक्षण, आणि वायू कार्बन डायऑक्साइड आहे हे अनुमान. मधला रकाना रिकामा राहिला तर ते अनुमान अजून अपुरे आहे, एवढे विद्यार्थ्याला सांगावे. ते खोडायला लावू नये.

निरीक्षणे एका रंगाच्या पेनाने आणि अनुमाने दुसऱ्या रंगाच्या पेनाने लिहायची. हा उपाय लहान मुलांचा वाटेल, परंतु पेन बदलण्यासाठी हात थांबतो आणि त्या थांबण्यातच विचार घडतो. आणखी एक नियम मी कटाक्षाने पाळतो : लिहिलेले निरीक्षण खोडरबराने पुसायचे नाही. चूक वाटली तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, म्हणजे मूळ नोंद वाचता येते. उत्तर कळल्यावर मागे जाऊन निरीक्षणे उत्तराला जुळवून घेण्याची सवय फार लवकर लागते आणि ती मोडणे अवघड असते.

५. एक निरीक्षण, अनेक अनुमाने : बर्फाचा पेला

या घटकाला वेळ कमी असेल तर बाकीचे सोडा, पण हा तास सोडू नका. कोरड्या पेल्यात पाणी आणि बर्फ घाला, झाकण ठेवा आणि काही मिनिटे थांबा. पेल्याच्या बाहेरच्या बाजूला प्रथम धुरकट थर दिसतो, नंतर थेंब दिसतात, काही थेंब ओघळतात. इथपर्यंत सर्वांचे एकमत असते. आता ते थेंब कोठून आले, असे विचारा.

ज्यांनी हा भाग अजून अभ्यासलेला नाही त्यांच्याकडून निदान तीन उत्तरे येतात : पाणी काचेतून झिरपले, झाकणाच्या फटीतून बाहेर आले आणि ओघळले, हवेतील बाष्प काचेवर जमले. तिन्ही अनुमाने फळ्यावर लिहा आणि चेहऱ्यावरूनही बरोबर उत्तर कळू देऊ नका. पुढचा प्रश्न असा : ‘हे अनुमान बरोबर असेल तर आणखी काय दिसायला हवे?’

पाणी झिरपले असेल, तर आतील पाणी रंगीत केल्यावर बाहेरचे थेंबही रंगीत असायला हवेत. रंग घालून पाहा; थेंब रंगहीनच असतात. एखादा चौकस विद्यार्थी लगेच म्हणतो की रंग काचेतच अडकला असेल आणि नुसते पाणी बाहेर आले असेल. या शंकेचे मनापासून स्वागत करा, कारण ती रास्त आहे. तिच्यासाठी वजनकाटा आहे. झाकलेल्या पेल्याचे वजन सुरुवातीला नोंदवा आणि थेंब न पुसता दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा नोंदवा. पाणी आतूनच बाहेर आले असते तर एकूण वजन तेवढेच राहिले असते. प्रत्यक्षात ते थोडे वाढते. त्यानंतर शीतकपाटात गार केलेला, आत काहीही नसलेला कोरडा पेला बाहेर काढून ठेवा. त्याच्यावरही धुरकट थर जमतो. आत पाणीच नाही, मग झिरपणार काय? शेवटी, दुसऱ्या पेल्यात खोलीच्या तापमानाचे रंगीत पाणी ठेवा; त्याच्यावर थेंब येत नाहीत. ‘थेंब आले नाहीत’ हेही निरीक्षण आहे आणि विद्यार्थी ते लिहायला हमखास विसरतात. न घडलेली गोष्टही नोंदवायची असते, हे येथे आवर्जून सांगा.

आता उरलेल्या अनुमानाकडे वळा. हवेतील बाष्प गार पृष्ठभागावर पाण्याच्या रूपात जमते, याला संघनन म्हणतात. ते बाष्प काचेवर येताना आजही कोणाला दिसलेले नाही. तरीही या अनुमानावर आपला विश्वास बसतो, कारण वजन, रंग, रिकामा पेला आणि खोलीच्या तापमानाचा पेला ही चारही निरीक्षणे त्याच्याशी जुळतात, आणि त्याचे प्रतिस्पर्धी एकेका कसोटीला पडले आहेत. अनुमान म्हणजे दुय्यम किंवा संशयास्पद गोष्ट, असा समज करून देणे ही या विषयाच्या शिकवणीतील सर्वांत घातक चूक आहे असे मला वाटते. अणू, पृथ्वीचा गाभा, ताऱ्यांचे अंतरंग यांविषयीचे आपले सारे ज्ञान अनुमानावर उभे आहे. विद्यार्थ्याला अनुमानापासून परावृत्त करायचे नाही. त्याचे अनुमान किती खांबांवर उभे आहे, हे त्याला मोजायला शिकवायचे आहे.

६. पाठ्यपुस्तकी उत्तरालाही तोच प्रश्न विचारा : मेणबत्ती आणि वर चढणारे पाणी

थाळीत रंगीत पाणी घेऊन मध्ये पेटती मेणबत्ती उभी करा आणि तिच्यावर पेला उपडा ठेवा. ज्योत विझते आणि पेल्यातील पाणी वर चढते. ‘ऑक्सिजन संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली’ हे स्पष्टीकरण इतके रुळलेले आहे की अनेक शिक्षकही ते निःशंकपणे सांगतात. मीही सांगत असे. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि पाणी कधी कधी साधारण पाचव्या हिश्शापर्यंत चढते, त्यामुळे हे उत्तर अधिकच खरे वाटते.

वर्गाला घड्याळ द्या आणि केवळ क्रम टिपायला सांगा. पाणी नेमके केव्हा चढले? ऑक्सिजन ज्योत जळत असताना वापरला जातो. मग पाणीही त्याच काळात हळूहळू चढायला हवे. नीट पाहिले तर बरीचशी चढण ज्योत विझताना आणि विझल्यानंतर होते. पेला खाली आणताना कधी कधी त्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात, म्हणजे काहीतरी आतून बाहेर गेले. आता त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवा. पेला तोच, आतील हवा जवळजवळ तेवढीच, तरी पाणी अधिक उंच चढते. ऑक्सिजन संपल्याने पाणी चढत असते, तर असे व्हायला नको होते.

यावरून अधिक चांगले अनुमान निघते : ज्योतीमुळे हवा तापून प्रसरण पावली, काही हवा बाहेर गेली, ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकुंचन पावली आणि बाहेरील हवेच्या दाबाने पाणी आत ढकलले गेले. ज्वलनात ऑक्सिजन वापरला जातो हे खरेच आहे, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते, आणि ज्योत विझते तेव्हाही पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. वाफेचे काही पाणी काचेवर आतून जमते. तो थर विद्यार्थ्यांनी नोंदवला आहे का, हे पाहा.

येथे एक सापळा सांगितलाच पाहिजे. प्रयोगाचे शीर्षक ‘अमुक सिद्ध करणे’ असे लिहून दिले, की विद्यार्थी तेच पाहतात जे सिद्ध करायचे आहे. माझ्या पहिल्या वर्षीच्या फळ्यावर असेच शीर्षक होते. आता मी लिहितो : ‘जळत्या मेणबत्तीवर पेला उपडा ठेवल्यास काय काय घडते?’

७. बंद खोके

हा तास छोटा आणि आवडीचा असतो. प्रत्येक खोक्यात एकच वस्तू ठेवून ते चिकटपट्टीने बंद करा. खोके हलवून, तिरके करून, वजन करून, कान लावून गटाने आत काय आहे याचे अनुमान काढायचे. ‘आत गोटी आहे’ असे लिहिल्यास ‘कशावरून?’ विचारा, ‘तिरके केल्यावर घरंगळल्याचा अखंड आवाज आला आणि शेवटी एकच ठोका ऐकू आला’ असे उत्तर यायला हवे. तास संपल्यावर खोकी उघडू नका. मुले हट्ट धरतील, तरीही उघडू नका. अणूचे खोके उघडून कोणी दाखवत नाही, हे त्यांना या हुरहुरीतून जितके कळते तितके सांगून कळत नाही.

८. इतिहासातील दोन गोष्टी सांगा

पहिली समुद्राच्या रंगाची. समुद्र निळा दिसतो हे निरीक्षण. तो निळेपणा केवळ आकाशाच्या प्रतिबिंबाचा आहे, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे अनुमान होते. १९२१ साली इंग्लंडहून जहाजाने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी निकोल प्रिझम (ठरावीक दिशेने कंप पावणाराच प्रकाश जाऊ देणारा स्फटिक) डोळ्यांपुढे धरून पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला. प्रतिबिंब गेले, पण निळेपणा गेला नाही. उलट तो अधिक गडद दिसला. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात म्हणून पाणी निळे दिसते, असे अनुमान त्यांनी मांडले आणि प्रकाशाच्या विकिरणाचा हाच अभ्यास त्यांना १९२८ च्या ‘रामन परिणामा’च्या शोधापर्यंत घेऊन गेला. आज समुद्राच्या निळेपणात पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते या कारणाला अधिक महत्त्व दिले जाते. अनुमान दोनदा बदलले, समुद्र निळाच राहिला. निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळे का लिहायचे, याचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

दुसरी मंगळाची, आणि ती पहिलीइतकीच आवश्यक आहे, कारण निरीक्षण कधी चुकत नाही असा गैरसमज पहिल्या गोष्टीने होऊ शकतो. १८७७ साली इटलीचे खगोलशास्त्रज्ञ शियापरेल्ली यांनी मंगळावर रेषा पाहिल्याची नोंद केली. त्यांनी वापरलेल्या इटालियन शब्दाचा अर्थ नैसर्गिक प्रवाहमार्ग असाही होतो, परंतु इंग्रजीत तो ‘कालवे’ झाला. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लॉवेल यांनी त्यावरून पाणी वाहून नेणाऱ्या बुद्धिमान जीवांचे अनुमान काढले. १९६५ साली मरिनर ४ या यानाने जवळून छायाचित्रे घेतली, तेव्हा त्यांत विवरे दिसली, कालवे दिसले नाहीत. दुर्बिणीतील अस्पष्ट ठिपके डोळ्यांनीच रेषेत जोडले होते. हे धुक्याला धूर समजण्यासारखे आहे. म्हणून एकच निरीक्षण दोघांनी, शक्य तर दोन दिवशी, एकमेकांची वही न पाहता नोंदवायचे, असा नियम वर्गात लावा.

९. तपासणी कशी करावी

व्याख्या विचारू नका. न पाहिलेली परिस्थिती द्या. उदाहरणार्थ : ‘एका परीक्षानळीत रंगहीन, पारदर्शक द्रव आहे. त्यात पांढरी पूड टाकल्यावर बुडबुडे आले, नळी हाताला गार लागली आणि पूड दिसेनाशी झाली.’ यावरून एक निरीक्षण, एक अनुमान आणि ते अनुमान तपासण्यासाठी एक कृती लिहायला सांगा. ‘द्रव पाणी आहे’, ‘पूड विरघळली’ आणि ‘कार्बन डायऑक्साइड निघाला’ ही तिन्ही वाक्ये निरीक्षण म्हणून कोणी लिहितो का, ते पाहा. पहिले वाक्य सर्वांत फसवे आहे, कारण रंगहीन पारदर्शक द्रव दिसला की ‘पाणी’ हा शब्द आपोआप येतो. मिठाचे द्रावणही तसेच दिसते आणि विरल आम्लही.

गुण देताना अनुमान बरोबर आहे की नाही याला कमी आणि ‘कशावरून?’ या रकान्याला जास्त गुण ठेवा. चुकीचे पण आधार दिलेले अनुमान, आधाराशिवाय लिहिलेल्या बरोबर उत्तरापेक्षा वरचे मानले जाईल, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवा. पहिल्या तपासणीत बऱ्याच जणांचा मधला रकाना कोरा येतो. अशा वह्या शेरा न मारता परत द्या, तीच मेणबत्ती पुन्हा पेटवा आणि तो रकाना वर्गातच भरून घ्या.